दस्ता लाकडी की सिंथेटिक? एकबारी रायफलच्या दणक्याची तुलना करायची रीत

दर ऑक्टोबरात एखादा तरी फोन येतो. "एकबारी रायफल घ्यायची ठरवली आहे. लाकडी दस्त्याची घेऊ की सिंथेटिक? दणका कशाचा कमी?" एकबारी म्हणजे एका वेळी एकच काडतूस बसणारी. दस्ता म्हणजे रायफलचा हातात आणि खांद्याला धरायचा भाग, आणि दणका म्हणजे बार झाल्यावर ती मागे मारते तो धक्का. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं. मित्राच्या लाकडी दस्त्याच्या रायफलचा एक बार काढून झालेला असतो, दुसऱ्या कुणाच्या सिंथेटिकचा एक, आणि खांदा चोळत निकाल लागलेला असतो: लाकूड धक्का पितं, प्लास्टिक तो अंगावर फेकतं.

मी मग खोदून विचारतो. काडतूस एकच होतं का? नाही. वजन? माहीत नाही. दस्त्याचं मागचं, खांद्याशी टेकणारं रबर? एकाला होतं, एकाला नुसती कडक पट्टी. जाकीट? पहिल्या वेळी होतं, दुसऱ्या वेळी ऊन होतं म्हणून काढलं. इतक्या फरकांमध्ये दस्ता कशाचा आहे हा पाचवा-सहावा फरक, आणि श्रेय मात्र सगळं त्याला.

म्हणून खाली सगळं क्रमाने दिलं आहे. क्रम मोडला तर निकाल खोटा येतो, एवढं धरून चला.

हे सगळं अमेरिकेत, त्यातही ओहायोसारख्या राज्यात हरणाच्या मोसमाची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे गळ्याशी अचानक अरुंद न होणाऱ्या, काडतुसांच्या रायफली हरणासाठी चालतात. त्यामुळे ४५० बुशमास्टर, ३५० लेजंड आणि ४५-७० यांच्या एकबारी रायफली आपल्या मंडळींच्या हातातही दिसू लागल्या. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकार बंद आहे. गावाकडच्या काकांच्या ठासणीच्या बंदुकीला यातलं काही लावू नका.

सुरुवातीआधी: कागद

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांनी हा भाग वाचून पुढे जावं. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन यांसारख्या व्हिसावर असलेल्यांनी इथे थांबावं.

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे. तिला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. "माझी थोडीच आहे, मित्राची आहे, रेंजवर पाच मिनिटं हातात घेतो" हा बचाव नाही, कारण प्रश्न मालकीचा नसून ताब्याचा आहे. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग रायफलला हात. व्हिसाचं प्रकरण नाजूक असेल तर वकिलाला विचारा, माझ्यासारख्याला नाही.

*तपासा:* लायसन्सची मुदत संपलेली नाही ना? आपल्या राज्याच्या या वर्षीच्या नियम-पुस्तिकेत आपलं काडतूस बसतं का? एका राज्यात चालणारं काडतूस शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही.

तयारी: काय काय जमवायचं

बॅग तोलायचा हुकाचा काटा घ्या. भारतात जाताना २३ किलोच्या बॅगांसाठी घेतलेला घरात असतोच, तोच चालतो. शिंप्याची टेप, एक लांब सरळ पट्टी, वही, पेन्सिल. एकाच डब्यातली, एकाच लॉटची फॅक्टरी काडतुसं. त्याच काडतुसाच्या मापाची दोन खोटी काडतुसं, म्हणजे स्नॅप कॅप. कानात घालायचे बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. डोळ्यांना चष्मा. आणि एक शांत स्वभावाचा मित्र. व्हिडिओ काढायला धावणारा नको.

जाकीट तेच घ्या जे मोसमात घालणार आहात. ओहायोतला बंदुकीचा आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. तेव्हा कुणी टी-शर्टवर बसत नाही.

*सावध:* ४५-७० ची तुलना करत असाल तर डबा नीट वाचा. या एकाच नावाखाली ३०० ग्रेनपासून ४०५ ग्रेनपर्यंतच्या (ग्रेन हे वजनाचं माप, ७००० ग्रेनचा एक पौंड) गोळ्या मिळतात, आणि काही कारखाने नव्या, मजबूत रायफलींसाठी मुद्दाम कडक भरलेली काडतुसंही विकतात. दोन वेगळ्या डब्यांवर दस्त्यांची तुलना होत नाही. आणि कडक काडतूस जुन्या रायफलमध्ये घालणं हा तुलनेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

टप्पा १: रिकामी करा, आणि रिकामी आहे हे पाहा

एकबारी रायफल रिकामी आहे की नाही हे कळायला सोपी, म्हणूनच लोक पाहत नाहीत. मधोमध मोडून उघडणारी असेल तर उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने पाहा, मग करंगळी घालून पाहा. फॉलिंग ब्लॉक असेल, म्हणजे रुगर नंबर वनसारखी खालचा लिव्हर ओढल्यावर ठोकळा खाली उतरणारी, तर लिव्हर पूर्ण खाली ओढून तेच करा. काडतुसांचा डबा त्या खोलीतून बाहेर ठेवा. वजन, मापं, स्क्रू आवळणं, सगळं यानंतर.

टप्पा २: वजन, जसं जंगलात नेणार तसं

कॅटलॉगमधलं वजन बहुतेक वेळा नुसत्या रायफलचं असतं. दणका देते ती स्कोप, माउंट आणि पट्ट्यासकटची रायफल. पट्टा हुकाला अडकवून सगळं सामान लावलेली रायफल तोला. दोनदा तोला, वेगळा आकडा आला तर तिसऱ्यांदा. किलोत आकडा आला तर ०.४५४ ने भागून पौंड करा, कारण पुढचं गणित पौंडांत आहे.

माझ्याकडे एकाच रायफलला बसणारे दस्त्यांचे दोन जोड आहेत: एक पोकळ सिंथेटिक, एक लॅमिनेट, म्हणजे लाकडाचे थर चिकटवलेला. नळी तीच, स्कोप तोच. सिंथेटिक लावल्यावर सगळं मिळून ६.४ पौंड, लॅमिनेट लावल्यावर ७.३. नुसता दस्ता बदलल्याने जवळजवळ १४ औंस. बहुतेक तुलना या टप्प्यावरच उलगडतात: ज्याला लोक "लाकडाचा गुण" म्हणतात तो पुष्कळसा याच १४ औंसांचा असतो.

टप्पा ३: कागदावरचा दणका काढा

खांद्याला विचारण्याआधी आकड्याला विचारा. सूत्र सोपं आहे:

१. बारूदाचं वजन ग्रेनमध्ये घ्या, त्याला १.७५ ने गुणा.
२. त्यात गोळीचं वजन (ग्रेन) मिळवा.
३. आलेल्या बेरजेला गोळीच्या वेगाने (फूट प्रति सेकंद) गुणा.
४. ७००० ने भागा, मग रायफलच्या वजनाने (पौंड) भागा. हा रायफलचा मागे येण्याचा वेग.
५. त्या वेगाचा वर्ग करा, रायफलच्या वजनाने गुणा, ६४.३५ ने भागा. ही दणक्याची ऊर्जा, फूट-पौंडांत.

४५० बुशमास्टरची २५० ग्रेनची गोळी, डब्यावरचा वेग २२००. बारूद डब्यावर लिहिलेलं नसतं, अंदाजे ३८ ग्रेन धरू. ६.४ पौंडांच्या रायफलला ऊर्जा येते साधारण २४ फूट-पौंड. ७.३ पौंडांच्या रायफलला २१. मागे येण्याचा वेग पहिल्यात साडेपंधरा फूट प्रति सेकंदाच्या आसपास, दुसऱ्यात साडेतेराच्या थोडा वर. हा वेगाचा फरक खांद्याला "चावरेपणा" म्हणून कळतो. हलकी रायफल नुसतं जोरात ढकलत नाही, लवकर ढकलते.

बारुदाचा अंदाज चुकला तर? काडतूस दोन्हीकडे तेच असेल तर तुलनेपुरतं बिघडत नाही. ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. वजन आठवरून सहा पौंडांवर आलं तर दणका एक तृतीयांशाने वाढतो, मग काडतूस कुठलंही असो.

आणि एक गोष्ट पाहून ठेवा. या पाच ओळींत दस्ता कशाचा आहे याला जागाच नाही. अक्रोड असो की नायलॉन, वजन तेच असेल तर ऊर्जा तीच. दस्त्याचं मटेरियल या आकड्यात शिरतं ते फक्त वजनाच्या दारातून.

*तपासा:* आकडा वीसच्या वर जात असेल आणि तुम्ही नवखे असाल, तर दस्त्याचा विचार नंतर, काडतुसाचा आधी. तेवढ्याच, म्हणजे सात पौंडांच्या रायफलमध्ये ३५० लेजंडची १५० ग्रेनची गोळी नऊच्या आसपास ऊर्जा देते. ४५० बुशमास्टर देतो २२. हे अंतर कुठलाही दस्ता भरून काढणार नाही.

टप्पा ४: दस्ता अंगाला बसतो का

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

*लांबी.* चापाच्या मध्यापासून मागच्या रबराच्या मध्यापर्यंत टेप लावा. बाजारातल्या बहुतेक रायफली साडेतेरा ते पावणेचौदा इंचांच्या असतात. आपल्यातल्या साडेपाच फुटी माणसाला, त्यात जाड जाकीट, ही लांबी जास्त होते. दस्ता लांब पडला की माणूस तो खांद्याच्या खळग्यात न बसवता दंडाच्या बाजूला सरकवतो, आणि मग बार काढल्यावर दंड काळानिळा. दोष कुणाला? "प्लास्टिक फार लागतं हो."

दस्ता आखूड पडला तर उलटी गत. अंगठा नाकाजवळ येतो, डोळा स्कोपजवळ जातो, आणि कपाळावर स्कोपची चंद्रकोर उमटते. ही चंद्रकोर हौसेची नसते, टाके पडतात.

*उतार.* स्कोप काढलेला असताना नळीवर लांब पट्टी ठेवून ती मागे दस्त्यावरून जाऊ द्या. पट्टीपासून गाल टेकायच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते मोजा, मग दस्त्याच्या वरच्या टाचेपर्यंत. टाचेकडचा आकडा फार मोठा असेल तर दस्ता खाली वाकलेला आहे. अशी रायफल सरळ मागे येत नाही, नळीचं तोंड वर उचलते, आणि गालाची कड गालात घुसते. जुन्या धाटणीचे सुंदर अक्रोडी दस्ते इथे मार खातात. गालाची कड पुढच्या बाजूला उतरती असेल तर धक्क्यात ती गालापासून दूर सरकते. मागच्या बाजूला उतरती असेल तर गालावर चढते. एवढी एक गोष्ट पाहून दस्ता निवडला तरी अर्धं काम झालं.

*चाचणी.* रायफल रिकामी. जाकीट अंगात. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर बसतो. काळी कड दिसली, मान ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर बसत नाही. दहा वेळा करा. दुकानात लाजू नका, पैसे तुमचे जाणार आहेत.

*सावध:* ज्याचा दस्ता अंगाला बसतो त्याची आणि ज्याचा बसत नाही त्याची, अशा दोन रायफलींची रेंजवर तुलना करू नका. उत्तर आधीच ठरलेलं आहे.

टप्पा ५: मागचं रबर

अंगठ्याने जोरात दाबा. खोल दबलं आणि सावकाश परत आलं तर उत्तम. दगडासारखं लागलं तर ते रबर नावापुरतं. जुनं रबर वर्षांनुवर्षं कपाटात राहून कडक होतं, कडांना चिरा पडतात. वापरलेली रायफल घेताना हे आधी पाहा. नव्या स्वस्त रायफलींवरही कधी कधी रबराच्या वेशातलं कडक प्लास्टिक असतं.

मग लांबी-रुंदी मोजा. धक्का जेवढ्या जागेवर पसरतो तेवढा तो कमी टोचतो. अरुंद, मध्ये वळलेली पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेले दस्ते दिसायला देखणे, पण ४५-७० च्या मागे ती पट्टी म्हणजे खांद्यात खुपसलेली कमान.

लोक इथे एक चूक हमखास करतात: अर्ध्या इंचाचं रबर काढून एक इंचाचं लावतात आणि दस्ता अर्ध्या इंचाने लांबतो. मग टप्पा ४ पुन्हा करायला लागतो. लाकडी किंवा लॅमिनेट दस्ता सुतारकाम जाणणाऱ्या गनस्मिथकडून कापून घेता येतो. पोकळ सिंथेटिक कापणं अवघड जातं, कारण आत रबराचे स्क्रू धरणारी भिंत असते आणि ती कापण्यात गेली तर स्क्रू कशाला धरणार?

तुलना करायची असेल तर दोन्ही दस्त्यांना एकाच जातीचं रबर. नाहीतर तुम्ही रबरांची तुलना करताय.

टप्पा ६: आता मटेरियल

एवढं झाल्यावरच दस्ता कशाचा आहे हे पाहायचं.

*अक्रोड.* रेषा पाहा, पण कुठल्या? मनगटाच्या जागी, जिथे दस्ता बारीक होतो, तिथल्या. लाकडाच्या रेषा तिथे लांबीच्या दिशेने वाहत असतील तर मजबूत. तिरप्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील तर तिथूनच दस्ता कधीतरी फाटेल, फुली-फुलीची नक्षी कितीही छान असली तरी. पावसात, बर्फात लाकूड ओलं पितं आणि फुगतं.

*बर्च किंवा बीच,* अक्रोडाचा रंग दिलेलं. स्वस्त रायफलींवर असतं. वजनाने बरं, कामाला चोख. रंग ओरखड्यातून उघडा पडतो, एवढंच. याला कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

*लॅमिनेट.* बर्चचे पातळ थर राळेत चिकटवून दाबलेले. जड, ताठ, हवेला फारसा न बधणारा. दणका कमी करायचा आणि पैसे बेताचे, तर माझी पहिली पसंती. डोंगर चढायचा असेल तर मात्र तेच १४ औंस दुपारी आठवतात.

*साच्यातलं सिंथेटिक.* काचतंतू मिसळलेलं नायलॉन किंवा तत्सम. हलकं, पावसाची फिकीर नाही. आत पोकळ असल्याने टकटक केलं की डब्यासारखं वाजतं. झाडाच्या फांदीला घासलं की आवाज होतो, आणि हरणाचे कान आपल्याहून बरे असतात. थंडीत गालाला गार लागतं. बार काढल्यावर कानाजवळ जो पोकळ "ढब" येतो त्याने दणका जास्त वाटतो असं बरेच जण सांगतात. मलाही वाटतो. म्हणून तर पुढे टप्पा ८ आहे.

*हाताने थर दिलेलं फायबरग्लास किंवा कार्बन.* ताठ आणि हलकं, महाग. हलकं म्हणजे काय ते टप्पा ३ मध्ये आलंच.

मग जोड तपासा. एकबारी रायफलचा दस्ता बहुधा दोन तुकड्यांचा असतो. मागचा तुकडा बहुतेक रायफलींमध्ये आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने रिसीव्हरला, म्हणजे नळी बसते त्या मधल्या धातूच्या भागाला, खेचलेला असतो. त्या बोल्टचं डोकं रबराखाली लपलेलं. एका हाताने रिसीव्हर धरा, दुसऱ्याने दस्ता, आणि पिळा. केसाएवढी हालचाल जाणवली तरी बोल्ट ढिला. रबर काढा, लांब स्क्रूड्रायव्हर किंवा सॉकेट आत घाला, कंपनीने सांगितलेल्या ताकदीने आवळा.

मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. दिवसभर लॅमिनेटने बार काढले, वहीत लिहिलं, "आश्चर्य, लॅमिनेट जास्त झोंबतो." घरी येऊन पाहतो तर दस्ता हाताने हलतोय. प्रत्येक बाराला रिसीव्हर आधी दस्त्यावर आदळत होता, मग दोघं मिळून माझ्यावर. वहीची ती पानं फाडून टाकली. वर रिसीव्हरच्या शेपटीमागे लाकडात नखाएवढी चीर दिसली, ती वेगळीच. लाकडी आणि लॅमिनेट दस्त्यांत ही जागा भिंगाने पाहा. तिथलं लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ झालं असेल तरी तो दस्ता तुलनेला घेऊ नका.

टप्पा ७: रेंजवर, ठरलेल्या क्रमाने

आता बार.

१. पहिला बार मोजायचा नाही. तो अंगाला सवय व्हावी म्हणून.
२. मग क्रम असा: पहिला दस्ता तीन बार, दुसरा तीन, पुन्हा दुसरा तीन, शेवटी पहिला तीन. खांदा थकत जातो. आधी एकाचे सगळे आणि मग दुसऱ्याचे सगळे काढले तर दुसरा विनाकारण हरतो.
३. सवयीचा पहिला बार धरून दिवसाला तेरा. ४५० किंवा ४५-७० असेल तर निम्मे, उरलेले दुसऱ्या दिवशी.
४. प्रत्येक बारानंतर लगेच, बोलण्याआधी, तीन आकडे लिहा: खांद्याला किती, गालाला किती, नळीचं तोंड किती उचललं. एक ते पाच. तीन बार झाल्यावर आठवून लिहायचं नाही.

एकच रायफल आणि दोन दस्ते असतील तर मधल्या अदलाबदलीसाठी वेळ ठेवा. दोनदाच बदलायचं आहे.

बसून की उभं? दणका उभं राहून, काठ्यांच्या आधाराने मोजा. बेंचवर छाती टेबलाला अडते, अंग मागे जायला जागा नसते, आणि कुठलीही रायफल राक्षस वाटते. बेंच नेमासाठी ठेवा. तिथे पुढच्या दस्त्याखालची वाळूची पिशवी दर वेळी एकाच जागी, बिजागरीच्या जरा पुढे. मोडून उघडणाऱ्या रायफलीत पुढचा दस्ता नळीलाच लटकलेला असतो. पिशवी चार इंच पुढे सरकली की गोळी भलतीकडे जाते, आणि त्याचंही खापर दस्त्यावर.

कानांना बोळे आणि मफ दोन्ही. याचं कारण फक्त बहिरेपण नाही. आवाज अर्ध्यावर आला की तोच दणका हलका वाटतो, आणि आपल्याला मोजायचा आहे तो धक्का. नळीच्या तोंडाशी ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडणारा भोकांचा तुकडा, लावलेला असेल तर दोन्ही वेळा तोच असू द्या, किंवा दोन्ही वेळा काढा. ब्रेक धक्का खरंच कमी करतो, शेजारच्या बेंचवरच्या माणसाच्या कानांची किंमत मोजून.

*सावध:* चाप ओढला, घोडा पडला, पण बार झाला नाही, तर रायफल उघडायची नाही. तोंड निशाणाकडे, तीस सेकंद मोजा, मग उघडा. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित येतं, पण येतं.

टप्पा ८: वजन सारखं करून पुन्हा

आता खरी कसोटी. पोकळ सिंथेटिकचं रबर काढा. एका जाड मोज्यात १४ औंस शिशाचे छर्रे भरा, म्हणजे तुमच्या दोन दस्त्यांच्या वजनात जेवढा फरक आला तेवढे. मोजा घट्ट शिवा, पोकळीत कोंबा, उरलेल्या जागेत फोम भरा. हलवल्यावर काही वाजता कामा नये. बोल्टच्या वाटेत काही येता कामा नये. रबर परत लावा, तोला. दोन्ही रायफली एका वजनाच्या झाल्या की टप्पा ७ पुन्हा.

माझ्या वहीत खांद्याच्या आकड्यांतला फरक जवळजवळ पुसला गेला. गालाचा आकडा मात्र सिंथेटिकचा थोडा वरच राहिला. कारण शोधायला दोन दिवस गेले: सगळं वजन मागे भरल्याने तोल मागे गेला, पुढे हलकी झालेली नळी जास्त उचलली जात होती. लॅमिनेटमध्ये पुढचा तुकडाही जड असतो, ते वजन नळीखाली असतं. म्हणजे वजन किती याच्याबरोबर वजन कुठे हेही पाहायला हवं. मग थोडं शिसं मागून काढून पुढच्या दस्त्याच्या पोकळीत चिकटवलं, नळीला न टेकेल असं, आणि गाल गप्प झाला.

हे करून झाल्यावर जो फरक उरेल तो मटेरियलचा. माझ्याकडे उरला तो आवाजाचा आणि गार लागण्याचा.

टप्पा ९: दचकण तपासा

वहीतले आकडे आपण लिहितो. म्हणजे त्यांत आपली आवड शिरते, विशेषतः अक्रोडावर जीव असेल तर. नळी खोटं बोलत नाही.

रायफल बेंचवर, तोंड निशाणाकडे. तुम्ही मान फिरवा. मित्राने एक काडतूस घालायचं: कधी खरं, कधी खोटं, त्याच्या मनाप्रमाणे, आणि कुठलं घातलं ते त्यानेच लक्षात ठेवायचं. मॅगझिनच्या रायफलला याचे सोपस्कार करावे लागतात, एकबारीला काहीच नाही. तुम्ही नेहमीसारखा नेम धरून चाप ओढा. खोट्या काडतुसावर घोडा पडतो, "टक" होतं, आणि त्या क्षणी नळीने पुढे वाकून नमस्कार केला तर तुम्ही दचकताय. ते मित्राने पाहायचं. दहा वेळांत किती नमस्कार, ते दोन्ही दस्त्यांसाठी लिहा.

ज्या दस्त्याने कमी नमस्कार घडवले तो घ्या, दिसायला कसाही असो.

*सामान्य चूक:* पाच-सहा नमस्कार दिसले की लोक "सवय होईल" म्हणून आणखी दोन डबे झाडतात. सवय होते ती दचकायचीच. त्या दिवशी थांबा, आणि पुढच्या वेळी हलक्या काडतुसाने किंवा पॉइंट टू टू (.२२) या अगदी हलक्या दणक्याच्या रायफलने सुरू करा.

टप्पा १०: दस्ता ठरला, आता पुन्हा शून्य, म्हणजे नेम जुळवणं

दस्ता काढून दुसरा लावला, किंवा तोच काढून परत लावला, तरी गोळी पहिल्या जागी पडेल असं धरू नका. पुढच्या दस्त्याचा स्क्रू थोडा जास्त आवळला तरी नेम सरकलेला मी पाहिला आहे. सगळे स्क्रू एकदा आवळा, तीन बार काढा, स्कोप जुळवा, पुन्हा तीन.

मग पुढच्या दस्त्याच्या स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर येईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, घरात विचारून. वीस बारांनंतर रबर काढून मागचा बोल्टही एकदा पाहा. मोसमाच्या आधीच्या आठवड्यात रेघ पाहून घ्या. ती तुटलेली दिसली, स्क्रूवरचा तुकडा एकीकडे आणि दस्त्यावरचा दुसरीकडे, तर घरीच आवळून सोमवारी पहाटे निघायचं नाही. शनिवारी रेंजवर जा, तीन बार काढा आणि मग नवी रेघ ओढा.